कोपरानं पारखलेली गादी

“हाताक काय, सगळाच मऊ लागता. कोपराक इचार.”

कुणी गादीवर तळहात दाबून “वा, मऊ आहे” म्हणालं की मला आजही हे वाक्य ऐकू येतं. ते म्हणणारी बाई काष्टा घट्ट मारून, कमरेत वाकून, उजवं कोपर गादीत रुतवून डोळे मिटून उभी राहायची. आपण मध्येच काही बोललो तर डावा हात वर करून गप्प करायची. कोपराचं सांगून झालं की डोळे उघडायची आणि निकाल द्यायची. तो निकाल फिरवायची छाती आमच्या बाजारात कुणाची नव्हती. गल्ल्यावर बसणाऱ्या माझ्या थोरल्या भावाची तर नव्हतीच.

मालवणच्या बाजारपेठेतून बंदराकडे उतरताना आमचं दुकान लागायचं. काथ्याचे दोर, सुंभ, चटया, पायपुसणी आणि गाद्या-उशा. दादा गल्ला सांभाळायचा, मी माल दाखवायचो. ही गोष्ट पन्नास-साठच्या दशकांतली. तेव्हा गादी लग्नात, बाळंतपणात नाहीतर आजारपणात घ्यायची. एरवी माणसं चटई टाकून झोपायची आणि सकाळी ती गुंडाळून भिंतीला उभी करायची. त्यामुळे आमच्या दुकानात विक्री कमी आणि गप्पा फार.

ही बाई मासे विकायची. सगळे तिला काकी म्हणायचे, मीही काकीच म्हणतो. तिचं माहेर मिठबावचं, सासर मालवणात किनाऱ्यालाच. डोक्यावर पाटी घेऊन यायची आणि आमच्या समोरच्या कट्ट्यावर मासळी मांडायची. तुम्ही कोकणातल्या मासळीबाजारात कधी उभे राहिला असाल तर असा आवाज तुमच्या ओळखीचा असेल. पाटीतल्या बांगड्यांनाही वाटावं की आपण अजून जिवंत आहोत. एका जागी स्वस्थ बसणं तिला माहीतच नव्हतं. बोलताना हात हलायचे, खांदे हलायचे, नाकातली चमकी हलायची. दादा म्हणायचा, ही झोपेत तरी थांबते की नाही देव जाणे.

मासा ताजा की शिळा हे अंगठा दाबून बघतात. ताज्याचा खळगा लगेच भरून येतो, शिळ्याचा तसाच राहतो. काकी गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच अंगठा दाबून दाखवायची. “उठता काय नाय, बघ.” हाच अंगठा ती जगातल्या बाकी वस्तूंनाही लावायची. फणसाला, पावाला, आमच्या उशांना. वहिनी बाळंत झाली तेव्हा भेटायला आली आणि बाळाच्या मांडीला हलकेच अंगठा लावून “उठता” असं तिनं जाहीर केलं. वहिनीला राग यावा की आनंद व्हावा हे बराच वेळ ठरेना. पण ते पोर पुढं खरंच गुटगुटीत झालं, हेही सांगायला हवं.

कोपराची सवय मात्र निराळी. वाड्यातल्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वस्तीतल्या, तान्ह्या पोरांना न्हाऊ घालायला काकीला बोलावत. मिठानं, बर्फानं आणि खवल्यांनी तिचे तळहात इतके निबर झाले होते की पाणी कोमट की कढत हे हाताला कळायचंच नाही. म्हणून ती घंगाळात कोपर बुडवून बघायची. गावातल्या अर्ध्या पोरांची पहिली आंघोळ त्या कोपराच्या हुकुमानं झालेली. हे कोपर पुढं आमच्या गाद्यांवर येईल, असं तेव्हा कुणाला वाटलं असतं?

तिचा नवरा रापणीचा तांडेल होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, आणि तांडेल म्हणजे त्या सगळ्यांचा म्होरक्या. उंच, काळाभोर, बोलायला अगदी कमी. दोघांच्या वाटणीची सगळी बडबड काकीकडं आणि सगळी शांतता त्याच्याकडं, असा त्यांचा संसार चालला होता. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल काकीच्या तोंडून मी कधी चकार शब्द ऐकला नाही.

पावसाळा संपून हंगाम नुकता सुरू झाला होता. खाडीच्या तोंडाशी लाटेनं होडी उचलली आणि आपटली. तांडेलाची पाठ होडीच्या काठावर बसली. माणूस वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. पाय होते तिथं होते, पण त्यांची खबर त्याला लागत नव्हती. डॉक्टरांनी काकीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. यांना जमिनीवर निजवू नका. हाडाखालची कातडी दबली की जखम होईल, ती चिघळेल आणि तीच यांना घेऊन जाईल. पाठ शाबूत आहे तोवर माणूस शाबूत आहे.

दुसऱ्या दिवशी काकी दुकानात आली. पाटी नव्हती, आवाज नव्हता.

“गादी व्हयी,” एवढंच म्हणाली.

दादानं कापसाची दाखवली, काथ्याची दाखवली, सावरीच्या कापसाची दाखवली. प्रत्येकीची तारीफही केली, धंद्याची सवय. काकीनं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. तिनं वाकून कोपर रुतवलं आणि डोळे मिटले. कोपर टेकवायची, अंगाचा सगळा भार त्यावर टाकायची आणि तशीच राहायची. काथ्याची लगेच बाजूला सारली. कापसाच्या गादीवर बराच वेळ राहिली आणि मग तीही नको म्हणाली, हिचा खाली गोळा होतो. मला राहवलं नाही. मी विचारलं, हात लावून का बघत नाहीस? त्यावर ती पहिल्यांदा नीट बोलली.

“हाताक काय, सगळाच मऊ लागता. कोपराक इचार. कोपराक हाड आसा. तेंका कमरेखाली सुई टोचली तरी कळणा नाय रे. मगे गादी टोचता काय नाय, ता कोण सांगतला?”

दादाची तारीफ तिथंच थांबली. सावरीची गादी तो स्वतः खांद्यावर घेऊन तिच्या घरी पोचवून आला.

त्यानंतर मी त्यांच्याकडं अधूनमधून जायला लागलो, आणि तिथं जे पाहिलं ते पाहून थक्क व्हायची मला सवयच लागली. तांडेलाची कूस सारखी बदलावी लागायची. एवढ्या धिप्पाड माणसाला एकटी बाई कशी वळवणार? काकीनं रापणीची रीत घरात आणली होती. होडी वाळूवरून लोटताना तांडेल हाळी देतो आणि त्या हाळीसरशी सगळे एकदम जोर लावतात. तशी हाळी तांडेल अंथरुणातून द्यायचा आणि काकी जोर लावायची. हाळी तोच देणार, केव्हा द्यायची ते तोच ठरवणार. तिनं त्याला कधी न विचारता वळवलं नाही. बाजारातून मासळी अर्धी टाकून ती मध्येच घरी पळायची, तेव्हा आम्ही म्हणायचो, काकी होडी लोटायला गेली.

हे असं काही वर्षं चाललं. काकी पाठ रोज बघायची, खोबरेल लावायची, पुसून कोरडी करायची. सावरीची गादी उन्हात घालायची, बडवायची. पण आमची हवा खारी आणि दमट. एका पावसाळ्यात सावरीचं पीठ व्हायला लागलं. नवीन भरली तरी तेच. गणपतीच्या सुमाराला तांडेलाच्या माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. काकी आमच्या पायरीवर येऊन बसली आणि तिचे हात अगदी स्थिर होते. हलणारी बाई स्थिर झाली की भीती वाटते.

डॉक्टर म्हणाले, मुंबईच्या इस्पितळांत आता रबराच्या गाद्या वापरतात. तशी मिळाली तर बघा. दादानं मुंबईच्या व्यापाऱ्याला निरोप पाठवला आणि पावसानंतरच्या पहिल्या आगबोटीनं दोन नमुने आले. दोन्ही जेवायच्या पाटाएवढे, वर बारीक भोकं. एक होता रबराच्या झाडाचा चीक घुसळून, साच्यात भाजून केलेला. दुसरा कारखान्यात कसल्याशा रसायनांपासून केलेला, नवीनच निघालेला फोम. फोम हलका, पांढराशुभ्र, उचलला तर हातात काही आहे असं वाटू नये. रबराचा तुकडा पिवळट, जड आणि उग्र वासाचा. आमच्या दोघांच्याही मनात फोम भरला होता. दिसायलाच किती स्वच्छ.

काकीनं आधी अंगठा लावला. दोन्ही उठले. रबर झटकन उठलं, फोम किंचित रेंगाळला. “ह्यो कालचो,” फोमकडं बोट दाखवून ती म्हणाली, पण स्वतःलाच तो निकाल पटलेला दिसेना. मग कोपर. कोपरालाही दोन्ही मऊच लागले. काकी चक्रावली. तिच्या कोपराला एवढ्यात निकाल देता आला नाही असं मी प्रथमच बघत होतो. ती कोपर चोळत राहिली. मग म्हणाली, जमीन झाडून दी.

मी झाडून दिली. तिनं दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांवर उताणी निजली, अशी की एक कुल्ला रबरावर आणि दुसरा फोमवर. हात अंगालगत घेतले. आम्हाला वाटलं, आता थोड्या वेळात उठेल. दुपारची जेवणं झाली, ती उठली नाही. दादानं विचारलं, काकी, पाणी देऊ? तिनं नुसत्या डोळ्यांनी नको म्हटलं. एक माशी तिच्या कपाळावर बसली, नाकावर आली, ओठावर फिरली. तिनं ती हाकलली नाही. मीच पुढं होऊन पंख्यानं वारा घातला.

गिऱ्हाइकं आली. दारात थबकली, काय झालं म्हणून विचारायला लागली. कुणाला वाटलं भोवळ आली. एका म्हातारीनं तर तोंडावर पदर घेतला. मी सगळ्यांना हळू आवाजात सांगत होतो, काही झालं नाही, काकी गादी बघते आहे. माणसं चपला काढून तिच्या बाजूनं जायची, सुंभ घ्यायची आणि आवाज न करता निघून जायची. देवळातही एवढी शांतता मी पाहिलेली नाही. बोलल्याशिवाय एक घटका न काढणारी ती बाई, दुकानाच्या मध्यावर, उघड्या डोळ्यांनी, बोटही न हलवता पडून होती. मध्ये एकदा तिच्या पायाला मुंगी चढली असावी, कारण पोटरीची शीर थरथरताना मला दिसली. पाय मात्र जागचा हलला नाही. मी न राहवून म्हटलं, काकी, जरा हललीस तर काय बिघडेल?

“तेंका हलूक येणा नाय,” ती छताकडं बघत म्हणाली. “मगे मी कित्याक हलू?”

मी पुन्हा पंखा हातात घेतला. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, वहिनीक बोलव. वहिनीनं हात देऊन तिला उठवलं. पाय इतके बधिर झाले होते की तिला धरूनच आत न्यावं लागलं. आत वहिनीनं तिचं अंग दिव्याच्या उजेडात पाहिलं. फोमच्या बाजूला हाडाशी लालबुंद चट्टा उठला होता. तिथं तो तुकडा दबून दबून अगदी पातळ झाला होता आणि खालची जमीन लागायला लागली होती. रबराच्या बाजूला नुसती भोकांची नक्षी उमटली होती आणि तीही बघता बघता मावळली. वहिनी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. काकी मात्र खूश होती. चट्टा आपल्या अंगावर उठला म्हणून एवढं खूश झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

रापणीत दर ओढीला मासळीचे वाटे पडतात. तांडेल पडल्यापासून त्याचा वाटा त्याच्या माणसांनी कधी बंद केला नव्हता. त्या वाट्यांच्या पैशांतून रबराची गादी आली. आगबोटीतून पडावात, म्हणजे लहान होडीत, आणि पडावातून किनाऱ्यावर आणताना ती अशी हेलकावत होती की वाहणारे चौघे दारू प्यायल्यासारखे चालत होते. सगळा वाडा बघायला लोटला. प्रत्येकाला ती दाबून बघायची होती. काकी दारात उभी राहून हुकूम देत होती, तळहात लावायचा नाही, कोपर लावा. आणि मोठमोठे मिशाळ खलाशी रांगेनं येऊन, वाकून, गादीला कोपर लावून जात होते.

तांडेलाला त्यावर निजवलं. हाळी त्यानंच दिली. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं, पण खांद्यांना कळत होतं. त्यानं खांदे जरा हलवून बघितले. मग म्हणाला, “होडयेर आसंय असा वाटता गो.” काकीनं चुलीकडं तोंड फिरवलं आणि उगाच लाकडं सारखी करत बसली.

डाग मावळला. पाठ पुन्हा साफ झाली. त्या वर्षी काकीचा आवाज पूर्ववत बाजारभर ऐकू यायला लागला आणि दादा आनंदानं कानात बोटं घालायला लागला.

आता पुढचं सांगतो. दुसऱ्या वर्षी पाऊस संपला आणि कडक ऊन पडायला लागलं. किनाऱ्यावर बांगडे, बोंबील, सगळ्यांची अंथरुणं, सगळंच वाळत पडलं. काकीनंही गादी बाहेर काढली. तांडेलाला तेवढ्यापुरतं सावरीवर ठेवलं आणि खोबरेलानं डागाळलेला अभ्रा काढून उघडी गादी कातळावर पसरली. रोज उलटी-सुलटी करून, अगदी बांगडे सुकवतात तशी, चांगले बरेच दिवस. तिच्या सगळ्या आयुष्याचं शहाणपण हेच होतं की ऊन दाखवलं तर वस्तू टिकते. शेजारणीही म्हणाल्या, बरं केलंस.

एके सकाळी ती दुकानात आली आणि पदराची गाठ सोडून गल्ल्यावर रिकामी केली. पिवळ्या, ठिसूळ चुऱ्याची लहानशी रास पडली. बोटात धरला की त्याचं पीठ होत होतं. दादाला काही कळेना, मलाही कळेना. रबराची गादी आम्ही तरी कुठं पूर्वी विकली होती? मुंबईचा व्यापारी त्या सुमारास सावंतवाडीला आला होता. दादानं तिथं जाऊन त्याला विचारलं. तो म्हणाला, रबराला ऊन दाखवायचंच नसतं, सावलीत वारा द्यायचा असतो. आणि तेल तर अजिबात लागू द्यायचं नाही, तेलानं ते कुजतं. दादानं हे काकीला सांगितलं तेव्हा मी तिच्याकडं बघू शकलो नाही. ज्या दोन गोष्टी तिनं जीव लावून केल्या होत्या, त्याच.

काकीनं तो चुरा पुन्हा पदरात गोळा केला.

“गादयेक मासो समाजलंय,” ती म्हणाली. मग विचारलं, “आता तेंच्या पाठीचा कसा?”

दुसरी गादी इतक्यात मिळण्यासारखी नव्हती. डागाच्या जुन्या जागी कातडी पुन्हा तांबूस दिसायला लागली होती. आम्ही घरी गेलो. गादीची एक बाजू जळल्यासारखी झाली होती आणि मध्ये तेल मुरलेला भाग चिकट झाला होता. पण आत, मधल्या थरात आणि कडांना, चांगलं रबर उरलं होतं. काकीनं कोपर लावत लावत सगळी गादी चाचपली, चांगल्या जागांवर कोळशानं खुणा केल्या आणि मासे कापायची सुरी घेतली. मी म्हटलं, थांब, आधी कुणालातरी विचारू. ती थांबली नाही.

तिनं तुकडे पाडले. एक माकडहाडाखालचा, दोन खुब्यांचे, दोन खांद्यांचे आणि टाचांचे लहान. तांडेल पालथा पडून हे बघत होता. त्यानं हात पुढं केला आणि सुईदोरा मागितला. पाय गेले होते, पण हात जाळी विणणारे, रापणीचेच होते. जुन्या लुगड्याचे अभ्रे त्यानं शिवायला घेतले आणि त्याचे टाके असे बारीक आणि सारखे पडत होते की आमच्या शिंप्यानं बघावेत. खाली काथ्या, त्यावर सावर, आणि जिथं हाड येतं तिथं सावरीत खळगा करून रबराचा तुकडा, असं अंथरूण त्या दोघांनी मिळून रचलं. प्रत्येक थरावर काकी कोपर टेकवायची आणि डोळे मिटायची. तिला पटलं नाही की सगळं उपसायचं, पुन्हा रचायचं. तांडेल शिवलेलं उसवून पुन्हा शिवायचा. त्याच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द आला नाही.

त्या दिवसानंतर तिनं तेल लावायचं सोडलं नाही, पण लावल्यावर सुती फडक्यानं पाठ इतकी पुसायची की फडक्याला डाग पडेनासा होईपर्यंत ती थांबायची नाही. आणि तुकडे सावलीत, अंगणापलीकडच्या पडवीत वाऱ्याला ठेवायची. त्यांना ऊन लागू नये म्हणून स्वतःचं लुगडं आडवं धरून अंगण ओलांडताना मी तिला पाहिलं आहे. लोक हसायचे. हसोत बापडे. मी दुकानदार माणूस, मला सहजासहजी कशाचं अप्रूप वाटत नाही, गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी मी त्याच्या चपलांकडं आधी बघतो. पण त्या बाईला अंगण ओलांडताना पाहिलं की मी हातातलं काम ठेवून उभा राहायचो.

तांडेल त्या अंथरुणावर पुढं बरीच वर्षं जगला. डॉक्टरांनी एवढी आशा धरली नव्हती, असं त्यांनीच सांगितलं. शेवटी एका थंडीत ताप आला, छातीत कफ भरला आणि दोन-चार दिवसांत तो गेला. शेवटची हाळी त्यानं आदल्या संध्याकाळी दिली होती, काकीनंच नंतर सांगितलं.

त्याला आंघोळ घालायला रापणीचीच माणसं होती. आम्ही बाहेर अंगणात उभे होतो. काकी दाराशी बसली होती, तिचे हात मांडीवर स्वस्थ होते. आंघोळ झाल्यावर त्यांच्यातला एक म्हातारा खलाशी बाहेर आला. ओले हात धोतराला पुसत तो तिच्यासमोर उभा राहिला.

“काकी,” तो म्हणाला, “पाठीर एक खूण नाय. दर्यात घेतलेली सोडून.”

तिनं मान हलवली. तोवर ती रडली नव्हती. मग रडली.

बाराव्याच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. गेलेल्या माणसाच्या नावानं गादी, उशी, पांघरूण भटजींना दान देतात, तुम्हाला माहीत आहेच. त्यासाठी आमच्याकडं निराळ्या गाद्या असायच्या. पातळ, आखूड, आत काय भरलं आहे ते कुणी विचारू नये अशा. घेणाराही बघत नाही आणि देणाराही बघत नाही, तो एक उपचार. दादानं सवयीनं तीच काढली आणि पसरली.

काकी वाकली. उजवं कोपर रुतवलं. डोळे मिटले.

“ही हाडाक लागता,” ती म्हणाली.

दादा अवघडला. हळूच म्हणाला, “काकी, ही दानाची. हेच्यार कोण निजणा नाय.”

“तेंका थंय पावतली मा? मगे?”

दादानं ती गादी गुंडाळून आत नेली. वरच्या फळीवरची सावरीची, लग्नासाठी राखलेली नवी गादी काढली आणि जमिनीवर पसरली. मी न सांगता आडोशासाठी दाराची एक फळी ओढून घेतली. काकी गादीवर उताणी निजली आणि हात अंगालगत घेतले. मला ती दुपार आठवली. मी पंखा घेऊन बाजूला बसलो, आता संध्याकाळपर्यंत बसायचं अशा तयारीनं.

पण थोड्याच वेळात ती हलली. डाव्या कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले, खांदा नीट बसवला. मग उजव्या कुशीवर वळली. मग पाय लांब केले, पुन्हा आखडले, टाचा घासून बघितल्या. पालथी झाली, उशीत तोंड खुपसलं, परत उताणी झाली. गादीतली सावर खसखसत होती. दादा गल्ल्यावरून उठून आला आणि घाबरून विचारायला लागला, काय टोचतं का, बदलून देऊ का.

“नाय रे,” ती म्हणाली. “आता तेंका कुशी बदलूक येतली. सगळ्या बाजूंनी बघूक व्हया.”

आणि ती पुन्हा डावीकडं वळली.